यंत्राचा हुकूम पुरता पाळून दाखव

विश्रामबाग, सांगली

चि. सायलीस,


तुझी सात मिनिटांची फिल्म आधी मोबाइलवर पाहिली, मग टीव्हीला जोडून पाहिली. छोट्या पडद्यावर नुसती गंमत वाटते. मोठ्या पडद्यावर माणसांचे चेहरे दिसतात, आणि तुझ्या फिल्ममध्ये सगळं काही चेहऱ्यांवरच आहे. साताऱ्याच्या एमआयडीसीत दिवसभर क्वालिटीचे आकडे भरायचे, मग रात्री गोडोलीच्या खोलीवर एडिटिंगला बसायचं, असं करून तू हे जुळवलंस याचं मला फार कौतुक आहे. कारखान्यात मोबाइल नेता येत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी रिकाम्या शेडमध्ये तू सगळं पुन्हा उभं केलंस, आणि सोबतच्या माणसांनी आपापलीच कामं करून दाखवली, ही युक्ती तर मला फिल्मइतकीच आवडली. गेटवरचं चेहरा ओळखणारं यंत्र, पहिल्या पाळीची रांग, लाइनवर टांगलेला टार्गेटचा लाल आकडा, बाथरूमला गेलं की लिहायचा वेळेचा कागद. विषय तू अचूक धरलायस.

आता खटकलं ते सांगतो, कारण तू तेवढ्यासाठीच विचारलंयस.

पॅकिंगच्या मावशी कँटीनच्या दाराशी अंगठा लावतात. यंत्र म्हणतं, पुन्हा लावा. त्या अंगठा पदराला पुसतात आणि पुन्हा लावतात. पुन्हा नाही. तिथं तू मागं ढोलकी सुरू केलीस आणि मावशींचं बावरलेलं तोंड अगदी जवळून दाखवलंस. बघणारा नेमका तिथं हसतो. पण कुणाला हसतो? मावशींना. ज्या बाईनं उभ्या जन्मात भांडी घासली, ऊस तोडला, खोकी बांधली, तिच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या असणार. झिजलेलं बोट यंत्राला वाचता येत नाही, हा दोष यंत्राचा आहे आणि ते यंत्र विकत घेणाऱ्याचा आहे. तुझ्या फिल्ममध्ये मात्र तो मावशींच्या अंगावर पडला. तुझ्या मनात तसं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण कॅमेरा कुठं ठेवला आणि ढोलकी कधी वाजली, यावरून बघणारा आपलं ठरवतो.

तो प्रसंग पुन्हा घे. ढोलकी काढून टाक. कॅमेरा यंत्राच्या त्या बोटभर खिडकीवर ठेव आणि हलवू नकोस. यंत्र जितक्यांदा म्हणेल 'पुन्हा लावा', तितक्यांदा मावशींना अंगठा लावू दे. एकही कापू नकोस. फिल्मच्या सात मिनिटांतली तीन त्यात गेली तरी जाऊ देत. यंत्राचा हुकूम पुरता पाळला की बघणाऱ्याला कळतं, वेळ कोण खातंय. मला तुला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं पत्र त्याचा विस्तार आहे. यंत्राची किंवा साहेबाची टवाळी करायची सगळ्यात मजबूत रीत म्हणजे त्याचा नियम तंतोतंत पाळणं, इतका की नियम स्वतःच उघडा पडावा.

तुला माहीत आहे, मी नोकरीची बहुतेक वर्षं टाइम स्टडीत काढली. कारखान्याचं नाव कशाला, मिरज-कुपवाड भागात असे पुष्कळ होते. डाव्या हातात फळी, फळीला कागद, वर बसवलेलं स्टॉपवॉच. त्या घड्याळात मिनिटाचे साठ नसतात, शंभर भाग असतात, म्हणजे बेरीज सोपी जाते. टर्नरच्या बाजूला उभं राहायचं आणि त्याच्या कामाचे तुकडे पाडायचे: जॉब उचलला, चकमध्ये धरला, टूल लावलं, कट घेतला, गेज लावून पाहिलं, जॉब काढून ठेवला. प्रत्येक तुकड्यापुढं आकडा. मग माणूस किती चपळाईनं काम करतोय याचं रेटिंग, त्यावर पाणी पिण्याचा, लघवीला जाण्याचा आणि थकव्याचा अलाउन्स, आणि शेवटी स्टँडर्ड टाइम.

मधेच शेजारच्या लेथवरचा माणूस हाक मारायचा. कास्टिंग जड असायचं, एकट्याला उचलायचं नाही. हा आपलं मशीन सोडून जायचा, दोघं मिळून ते चढवायचे, हा परत यायचा. कागदावर त्या वेळेभोवती गोल काढायचा आणि तो एकूण वेळेतून वजा करायचा, कारण ते त्याचं काम नव्हे. शेजाऱ्याच्या कागदावरही तो वेळ धरलेला नसायचा. तिथं मदत लागतच नाही असं गृहीत असायचं. त्या शेडमध्ये दिवसभर एकमेकांना दिलेला हात कुठल्याच स्टँडर्ड टाइममध्ये नव्हता. काम मात्र त्या हातांवर चालायचं. तुला फिल्मसाठी विषय हवा असेल तर हा गोल काढलेला वेळ घे. तुझ्या कारखान्यातही तो असणारच. आता तो कागदाऐवजी सॉफ्टवेअर वजा करत असेल, एवढाच फरक.

दुसरी एक गोष्ट आधीच ध्यानात घे. तुझ्या हातातला कॅमेरा या कामात नवा नाही, आणि तो कामगाराच्या बाजूनं आत आलेला नाही. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरचं वैज्ञानिक व्यवस्थापनाचं पुस्तक १९११ साली आलं. त्याचा भर स्टॉपवॉचवर होता. त्याच काळात फ्रँक गिलब्रेथ आणि त्याची बायको लिलियन यांनी स्टॉपवॉचच्या पुढचं पाऊल टाकलं आणि कारखान्यात फिल्मचा कॅमेरा आणला. फ्रँक मूळचा विटा रचणारा गवंडी. लिलियन मानसशास्त्र शिकलेली. कामगाराच्या मागं चौकटी आखलेला पडदा, शेजारी सेकंदाचे बारीक तुकडे दाखवणारं मोठं घड्याळ, आणि समोर कॅमेरा. पुढं त्यांनी बोटांना बारके दिवे बांधले आणि एकाच फोटोत हाताच्या हालचालीची उजळ रेघ उमटवली. त्या रेघेवरून तारेचे नमुने वळवले आणि कामगारांना दाखवले, की हात असा फिरवा. ते फोटो दिसायला फार सुंदर आहेत. जरूर बघ. बघताना एवढं विचार, की त्या रेघेत माणूस कुठं राहिला?

याच्या आधी, १८९५ मध्ये, फ्रान्समधल्या लिऑं शहरात ल्युमिएर बंधूंनी पहिल्यावहिल्या फिल्मांपैकी एक घेतली, ती स्वतःच्या कारखान्याच्या दारातली. कामगार बाहेर पडताहेत, बस. पूर्ण मिनिटाचीसुद्धा नाही. शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, हारून फारोकी या जर्मन दिग्दर्शकानं तेच नाव घेऊन एक फिल्म केली. त्यानं जगभरच्या सिनेमांतली कारखान्याच्या दाराची दृश्यं एकापुढं एक लावली, आणि त्याचं निरीक्षण असं, की सिनेमा दारात थांबतो, आत फारसा जात नाही. तू तर गेटपासूनच सुरुवात केलीस, म्हणून सांगतो. चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' मात्र आत जातो. १९३६ चा सिनेमा, आणि त्यात साहेब भिंतीवरच्या पडद्यातून बाथरूममध्ये सिगरेट ओढणाऱ्या कामगाराला दरडावतो. त्यात जेवण भरवणारं यंत्रही आहे, म्हणजे जेवणाच्या सुट्टीची गरज नको. चॅप्लिन त्या यंत्रापुढं मुकाट बसतो आणि त्याला भरवू देतो, मग यंत्रच बिघडतं. आपण हसतो ते यंत्राला. तुझ्या मावशींच्या प्रसंगाला नेमकं हेच हवं.

कार्यक्षमता ही शिवी आहे असं मात्र तुझ्या फिल्ममध्ये येऊ देऊ नकोस. आपण ज्या मातीत राहतो तिथं हे खोटं ठरेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते, तुझ्यासारखेच. रंग नीट ओळखू येत नाहीत असं कळल्यावर ते यंत्राच्या ड्रॉइंगकडं वळले. बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. टेलरचं पुस्तक छापून यायच्या एक वर्ष आधी! लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं तेव्हा शेतकरी समजत. तो नांगर, कडबा कापायचं यंत्र, उसाचा चरक, यांनी आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावरचे कष्ट खरोखर कमी केले. यंत्रानं कष्ट कमी केले तर त्याला नमस्कार करावा. यंत्र माणसाच्या मागं पाळतीला लागलं तर त्याची फिल्म काढावी. या दोन गोष्टींतला फरक तुला आणि मला डोळे मिटूनही कळतो, कारण आपण दोघांनी शॉपमध्ये दिवस काढलेत.

आणि त्याच वाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याची बातमी देणारं पत्रक, आणि ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर, लाहोरला पंडित सातवळेकरांकडं चित्रकला शिकलेले. पुढं त्याच मासिकात त्यांनी समाजातल्या वेडगळपणावर व्यंगचित्रं काढली. कारखान्याच्या आवारातून व्यंग निघू शकतं, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यानं शंभर वर्षांमागं पाहिलेली आहे. तेव्हा जिल्हाही एकच होता. बहुतेक भाग साताऱ्याचा, अधेमधे औंध, सांगली, मिरज अशी संस्थानं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

आता मी तुला ज्याचं काम सगळ्यात आधी पाहायला सांगेन तो माणूस. तेहचिंग शेह, मूळचा तैवानचा. जहाजावर खलाशी म्हणून गेला, अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि कागदपत्रांशिवाय न्यूयॉर्कमध्ये राहिला. बेकायदेशीर म्हणून सतत लपून, हॉटेलात भांडी घासून पोट भरायचं. ११ एप्रिल १९८० रोजी त्यानं आपल्या खोलीत कारखान्यातलं हजेरीचं घड्याळ बसवलं, कार्ड पंच करायचं. गणवेश घातला, डोकं भादरलं आणि ठरवलं की वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला एकदा कार्ड पंच करायचं. दर पंचला घड्याळाशेजारी उभं राहून फिल्मच्या कॅमेऱ्यानं स्वतःची एक फ्रेम घ्यायची. काम? काहीच नाही. नुसती हजेरी. वर्षाचे तास ८७६०. त्यांतले १३३ हुकले, त्यातले ९४ झोप लागल्यामुळं. तेही त्यानं लिहून ठेवले, कारणासकट. कार्डं खरी आहेत याला साक्षीदाराची सही घेतली.

त्या वर्षाची फिल्म होते सहा मिनिटांची. हिशेब बघ: दिवसाचे चोवीस पंच म्हणजे चोवीस फ्रेमा, आणि सिनेमा एका सेकंदाला चोवीस फ्रेमा दाखवतो. म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद हा त्या माणसाचा एक अख्खा दिवस. डोक्यावरचे केस खांद्यापर्यंत वाढत जातात, घड्याळाचे काटे गरगर फिरतात, अंग थरथरल्यासारखं हलतं, आणि तोंडावर काहीही भाव नाही. कुठं भाषण नाही, संगीत नाही, कुणाला नावं ठेवलेली नाहीत. क्वचितच सलग तासभर झोप मिळून वर्ष काढणं काय असेल, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. साहेबाला जे हवं असतं, वेळेवर हजर, रोज हजर, प्रश्न न विचारता हजर, ते सगळं त्यानं दिलं. आणि ते पूर्ण दिल्यावर दिसलं काय? की हजेरी पूर्ण भरली आणि आयुष्यातलं वर्ष रिकामं गेलं. मी टाइम स्टडीत इतकी वर्षं काढूनही हजेरीबद्दल याच्याहून खरं काही पाहिलेलं नाही.

त्याचा उलटा प्रयोग फिनलंडच्या कलाकार पिल्वी ताकालानं केला, २००८ मध्ये. ती डेलॉइट या मोठ्या कंपनीच्या मार्केटिंग विभागात महिनाभर प्रशिक्षणार्थी म्हणून बसली. खरा प्रकार मोजक्या लोकांनाच माहीत होता. ती टेबलाशी बसून राहायची आणि काहीच करायची नाही. विचारलं तर म्हणायची, डोक्यातल्या डोक्यात काम करतेय. एक दिवस तिनं लिफ्टमध्येच काढला, वर-खाली, वर-खाली. आजूबाजूचे लोक आधी हसले, मग अस्वस्थ झाले, मग वरिष्ठांना ईमेल करायला लागले. कॉम्प्युटर उघडून फेसबुक बघत बसली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं! हात हलत नाहीत आणि लपवतही नाही, हेच त्यांना सोसेना. तुला हे पाहताना थोडा राग येईल. मलाही तिथल्या साध्या नोकरदारांची थोडी दया आली. तरी तिनं कामाच्या दिखाव्याचा नियम पाळायचा सोडला आणि त्या नियमाची जागा सगळ्यांना दाखवली, हे मोठंच.

आणि हे सगळं परदेशातूनच शिकायचं असं मुळीच नाही. इथून हाकेच्या अंतरावर कवलापूर. तिथले काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. त्यांच्या 'जहरी प्याला' वगातले दोन हवालदार आमच्या पिढीनं जत्रेजत्रेत पाहिले. सारखाच चेहरा, सारखाच गणवेश, सारखीच टोपी. कोण काळू आणि कोण बाळू हे समोरच्याला कळेपर्यंत वग पुढं गेलेला असायचा. सत्तेच्या नोकरीत माणसाचा नुसता नंबर होतो, हे त्या दोघांनी एक वाक्यही न बोलता नुसतं शेजारी उभं राहून सांगितलं. हवालदाराची नक्कल करताना त्यांनी हवालदारकीचे सगळे रिवाज पाळले: सलाम, रुबाब, दरडावणी. गरीब हवालदाराला हिणवलं नाही, आणि हवालदारकी मात्र नागडी केली. तंबूत पोलिसही बसलेले असत, तेही हसत. तुझ्या कारखान्यातला सुपरवायझर तुझी फिल्म बघून असा हसला पाहिजे.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे पायी मुंबईला गेले, गिरणीत राबले आणि मग लाल बावटा कलापथकातून त्यांनी शेटजी, पुढारी, सावकार यांना तमाशाच्या अंगानं फडावर उभं केलं. हेही तुझ्या घरचंच आहे.

मुंबईचे कलाकार तुषार जोग २०१८ मध्ये अकाली गेले. त्यांनी एकट्यानंच एक बांधकाम खातं काढलं होतं, युनिसेल पब्लिक वर्क्स सेल. त्या खात्यातर्फे ते लोकांच्या अडचणींवर उपाय सुचवायचे, अगदी सरकारी थाटात. लोकलच्या दाराबाहेर लटकणाऱ्या प्रवाशांसाठी त्यांनी गाडीला चिकटून राहायची साधनं काढली. गर्दी कमी करणं हे खात्याच्या कक्षेत येत नाही ना? मग माणसाला गाडीला नीट जोडून द्या. आराखडा गंभीर, भाषा गंभीर, काम चोख. त्याच गंभीरपणामुळं ते लागतं. तुझ्या फिल्ममध्ये तू पात्रांना वेडीवाकडी तोंडं करायला लावलीस, तिथं जोगांची आठवण ठेव.

सध्याच्या यंत्रांकडं वळतो, कारण तुझ्या पिढीचा खरा विषय तोच. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढून मोबाइलच्या ॲपवर चढवायची पद्धत आली. १ जानेवारी २०२३ पासून ते सगळीकडं सक्तीचं झालं. मजूर सकाळी खोदून गेला आणि दुपारच्या फोटोला नसला, किंवा माळावर रेंजच नसली, तर घाम गाळलेला असूनही मजुरीचा घोळ. मग व्हायचं ते झालं. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्र काढून सांगावं लागलं की ॲपवर भलतेच फोटो येताहेत, फोटोचेच फोटो काढून चढवले जाताहेत. फोटोचा फोटो! माणूस कामावर आहे याचा पुरावा मागितला, आणि यंत्राला पुरावा मिळाला, माणूस नाही. याच्यावर कुणी पात्रं घालून नाटक रचायची गरज नाही. तू एक कोरा माळ दाखव, एक मोबाइल दाखव, त्यासमोर धरलेला छापील फोटो दाखव आणि ॲपचा आवाज जसाच्या तसा ठेव. पण जपून. यात चोरी करणारे आहेत, तसे केवळ रेंज नाही म्हणून मजुरी वाचवायला धडपडणारेही आहेत. दोघांना एका हशात गुंडाळू नकोस.

अंगणवाडीच्या सेविकांनी २०२१ मध्ये आपल्या राज्यात काय केलं ते आठवतं का? सरकारनं दिलेले मोबाइल बिघडके, पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत, आणि आकडे भरले नाहीत तर मानधनाची टांगती तलवार. त्यांनी मोबाइल गोळा केले आणि कार्यालयात परत नेऊन दिले. तुमची वस्तू, तुम्हीच घ्या. किती सरळ, किती देखणी कृती! मुलांचा आहार बघणं, वजन करणं, गरोदर बायांच्या घरी जाणं यातलं काही त्यांनी सोडलं नाही, फक्त मोजणारं यंत्र परत केलं. मी व्हिडिओ कलाकार असतो तर टेबलावर एकेक मोबाइल ठेवला जातानाचा नुसता आवाज घेतला असता. नागपूरच्या महापालिकेनं तर सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, कोण कुठं उभा आहे हे ऑफिसात दिसावं म्हणून. त्या ऑफिसातला साहेब कुठं आहे, हे कामगाराला कुठल्या पडद्यावर दिसतं?

हा प्रश्न मुंबईच्या 'कॅम्प' या कलाकारांच्या गटानं कॅमेऱ्यातूनच विचारलाय. शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांनी एका सोबत्याबरोबर २००७ मध्ये तो सुरू केला. शायनानं २००८ मध्ये इंग्लंडातल्या मँचेस्टरमध्ये साध्या माणसांना सीसीटीव्हीच्या कंट्रोल रूममध्ये नेऊन बसवलं, की बघा, तुम्हाला कसं बघतात. पुढं २०२२ मध्ये कॅम्पनं मुंबईतल्या एका पस्तीस मजली इमारतीवर सीसीटीव्हीचा कॅमेरा बसवला आणि तो हळूहळू खाली वळवला. श्रीमंतांच्या टॉवरपासून खालच्या पत्र्यांपर्यंत. सात पडद्यांवर. कॅमेरा तोच पाळतीचा, आणि त्याला माणसं दिसायला लागतात. मला ते पाहताना अण्णाभाऊंची मुंबई आठवली.

एक जागा तुला मुद्दाम दाखवायची आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. औंधच्या पंतांनी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरनं १९३९ मध्ये तिथं कैद्यांची वसाहत काढली. कैदी खुनासारख्या गुन्ह्यांतले. भिंत नाही, गज नाहीत. शेती करायची, घरच्यांसोबत राहायचं, आणि पळून जायचं नाही. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ मध्ये आला तो यावरूनच, आणि त्याची कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे त्याच माणदेशच्या माणसाची. ज्या फ्रीडमननं यंत्रांचं शिक्षण घेतलं होतं, त्यानंच पाळत काढून टाकायचा प्रयोग केला, हे मला फार मोलाचं वाटतं. खुनी माणसावर विश्वास टाकून शेत पिकतं, हे आपल्याच जिल्ह्यात करून पाहिलेलं आहे. आणि तुझ्या कारखान्यात पॅकिंगच्या मावशींना बाथरूमला जाताना कागदावर वेळ लिहावी लागते. ही दोन दृश्यं तू एकाशेजारी एक ठेवलीस तर तुला मधे एकही वाक्य लागणार नाही.

आता कामाचं. मावशींचा प्रसंग पुन्हा घे, सांगितलं तसं. टार्गेटच्या लाल आकड्याचं दृश्य लांबव. आकडा बदलेपर्यंत थांब, मग तो पुन्हा शून्यावर येईपर्यंतही थांब. सुपरवायझरची नक्कल करणाऱ्या मुलाला म्हणावं, ओरडू नकोस, तो खरोखर जसा बोलतो तसं हळू बोल, जास्त भीती वाटेल. मागचं संगीत सगळं काढ आणि मशीनचा आवाज राहू दे. ज्यांनी काम केलंय त्या प्रत्येकाला आधी विचार, चेहरा दाखवू का. नाही म्हणाले तर हात दाखव, हातच जास्त बोलतात. कारखान्याचं नाव, पाटी, गणवेशावरचं चिन्ह कुठंही दिसता कामा नये, कारण नोकऱ्या त्यांच्या आहेत आणि तुझीही आहे.

आणि फिल्म पुण्या-मुंबईच्या महोत्सवाला पाठवायच्या आधी पहिला खेळ त्याच माणसांसाठी लाव, त्याच शेडमध्ये, चादर बांधून. पहिली पाळी आणि दुसरी पाळी दोन्हीकडच्यांना जमेल अशी सुट्टी बघ. मावशींना पुढं बसव. त्या कुठं हसतात आणि कुठं गप्प होतात ते कागदावर लिही, मग शेवटचं एडिटिंग कर. तारीख ठरली की कळव. मी दुपारच्या एसटीनं येईन, आणि माझी टाइम स्टडीची जुनी फळी आणि घड्याळ तुला वापरायला घेऊन येईन. घड्याळ अजून चालतं.

आईला नमस्कार सांग. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
मामा